बटणापाशी उभी असलेली बाई

पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत मी नोकरीला होतो. कारखान्यात जायचं, काम कसं चालतं ते बघायचं आणि तेच काम कमी माणसांत कसं होईल ते लिहून द्यायचं. आर्णीजवळच्या एका जिनिंग कारखान्याचं काम आलं तेव्हा साहेबांनी ते मलाच दिलं. मी नेरचा, त्याच भागातला. बोली कळते, माणसं मोकळी बोलतील, असं त्यांना वाटलं.

तीन दिवस मी रेच्यांच्या ओळीसमोर उभा होतो. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी मशीन. शेवटचा रेचा सगळ्यांत जुना, सारखा अडकायचा. बाकीच्यांची बटणं हाताशी होती, याचं मात्र चार पावलं लांब भिंतीवर. त्यावर जवळच्या तांड्यावरच्या दोघी जावा काम करायच्या. मोठी कापूस सारायची, अडकला की हातानं मोकळा करायची. धाकटी लाल बटणापाशी उभी असायची. अधूनमधून मशीन बंद करायची, पुन्हा चालू करायची. बाकी वेळ नुसती जावेच्या हातांकडे बघत राहायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोठीनं मला हटकलं.

"भाऊ, काय लिहून राह्यले एवढं?"

"तुमचंच काम लिहितोय."

"मंग आमाले बी काई इचारा नं."

विचारीन म्हणालो. विचारलं नाही. धाकटीच्या कामापुढे मी 'रिकामा वेळ' असं लिहिलं आणि तिला गठाणी बांधायच्या शेडमध्ये हलवावं, अशी शिफारस केली. मालक खूश झाले. "एवढ्या वर्षांत आमाले हे दिसलंच नाही," म्हणाले.

दिवाळीनंतर, सीझन भरात असताना, मॅनेजरचा फोन आला. मोठीचा उजवा हात रोलरमध्ये गेला होता. धाकटीला शेडमध्ये हलवल्यामुळे ती एकटीच होती. अडकलेल्या हातानिशी बटणापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, आणि त्या घरघरीत तिचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही. हात कोपराखाली कापावा लागला.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माझा अहवाल उघडून बघितला.

"अहवालात एक ओळ घाल. बटण हाताशी बसवल्याशिवाय माणूस हलवू नये."

"सर, ती ओळ आपण लिहिली नव्हती."

"म्हणूनच घाल म्हणतोय."

मी घातली. दोन मिनिटं लागली. तेव्हा फक्त भीती वाटत होती, नोकरीची आणि पोलिसांची. लाज फार नंतर वाटली. चौकशीत 'बाईनं चालू मशीनमध्ये हात घातला' एवढंच लिहिलं गेलं आणि प्रकरण मिटलं. माझी ती ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात मी तिला भेटायला गेलो. धाकटी तिला वरणभात भरवत होती. मला बघून तिचा हात थांबला.

"मले तिथून हटवा असं तुमी लिहून देल्लं का, भाऊ?"

मी हो म्हणालो. तिथे तरी खोटं बोलवलं नाही.

"मी रिकामी नोती. तिचे हात पायत होती मी. सारखी. डोये दुखत माये संध्याकायपर्यंत."

"जाऊ दे वं," मोठी म्हणाली. ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "भाऊ, डाव्या हातानं होईन असं काई काम असन तं मालकाले सांगजा."

मी तिथून तडक जिनिंगवर गेलो आणि मालकांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन हाताची बाई रिकामी हाय म्हून तुमीच लिहून देल्लं," ते म्हणाले. "आता एका हाताची कायले ठेवू, ते बी तुमीच लिहून द्या."

मी खुर्चीवरून उठलो.

धाकटीनं त्याच आठवड्यात काम सोडलं. आता घरी जावेची वेणी तीच घालते, असं मॅनेजरनं एकदा फोनवर सांगितलं. त्या रेच्यावर दुसरी बाई लागली. बटण अजून भिंतीवरच आहे का, हे मी त्याला विचारलं नाही. मी अजून त्याच कंपनीत आहे.