वेढ्याच्या आतली बाई

माझे पती डहाणू रोडच्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतात. घरी आल्यावरही त्यांचा तास संपत नाही. सिनेमा लागला की पडद्यावरच्या माणसांपेक्षा ह्यांचंच जास्त ऐकावं लागतं. हा मुकुट चुकीचा, ही तलवार त्या काळातली नाही, हा राजा मुळात असा नव्हताच. एखादा सिनेमा मला कसा वाटला, हे लग्नानंतर इतक्या वर्षांत मी कधी सांगितलं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, पण मध्ये जागाच मिळत नसे.

मागच्या हिवाळ्यात ह्यांचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी वापीच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढून तपासायला पाठवली आणि ह्यांना ताकीद दिली की दोन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

"रिपोर्ट आला की कळवतो," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर त्या रिपोर्टचं आम्ही दोघांनीही नाव काढलं नाही.

मदतीला उधव्याहून ह्यांची मोठी बहीण आली. भाताची झोडणी नुकतीच उरकली होती, म्हणून ताईंना येता आलं. त्यांनी पिशवीतून नातवाची जुनी पाटी काढून भावाच्या हातात दिली. "घे. लिही काय हवं ते."

एका दुपारी वेळ जाईना, म्हणून ह्यांनी टीव्हीवर चिनी सिनेमा लावला. फार जुन्या काळातली लढाई होती. एका नगराला शत्रूने हिवाळाभर वेढा घातलेला. बोलणं चिनी, खाली इंग्रजी ओळी. ताईंना इंग्रजी येत नाही आणि ह्यांना बोलायला बंदी, म्हणजे उरले मी. तलासरीच्या कचेरीतल्या माझ्या नोकरीत इंग्रजी पत्रं मराठीत सांगायची मला सवय होती, पण सेनापतीचं बोलणं कधी वाट्याला आलं नव्हतं. घसा खाकरून मी म्हणाले, "दरवाजे उघडा! नाहीतर नगरात कोंबडंसुद्धा जिवंत ठेवणार नाही!"

ताई दचकल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हे हसले, अगदी खांदे हलेपर्यंत.

सिनेमात चांगलं खूप होतं. सैन्य आधी दिसलंच नाही. दाट धुकं, आणि त्यात हजारो पावलांचा नुसता आवाज. ताईंनी नकळत पदर घट्ट ओढून घेतला. भूक दाखवली ती मुदपाकखान्यात, रिकाम्या कोठाराची फरशी झाडून दाणे वेचणाऱ्या आचाऱ्याच्या हातांतून. आणि दोन्हीकडचे सेनापती निघाले एकाच गुरूचे शिष्य. तटावरून एक विचारतो, "गुरुजींची तब्येत कशी आहे?" खालचा सांगतो, "हल्ली दिसत नाही त्यांना." दोघांचंही मीच बोलत होते. दुसरं वाक्य मी हळू आवाजात म्हटलं.

पण सरदार फार. सगळ्यांची शिरस्त्राणं सारखी.

"वहिनी, हा आपला का त्यांचा?"

"तो आपला होता ताई, पण मघाशीच मेला ना?"

"मग हा कोण?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पाटी वर केली : 'मलाही कळत नाही.' असं कबूल करताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. नायक एकट्याने शंभर माणसं लोळवतो आणि त्याला साधी धापही लागत नाही, तेव्हा पाटीवर आलं : 'अशक्य.' संगीत तर प्रत्येक मरणाला आपल्याला रडायला लावायचंच म्हणून वाजत होतं. आणि भाषणं संपता संपत नव्हती.

मग सेनापतीची बायको आली. ती आपल्या घरचं धान्य लोकांना उघडून देते. एवढंच. लगेच कॅमेरा पुन्हा तटावर. मी रिमोट घेऊन सिनेमा थांबवला.

"अहो, हिचं पुढे काय? बाहेर माणसं मरतात ते तासभर दाखवलं. पण आत रोज सकाळी कुणाला किती वाढायचं, हे हीच ठरवत असणार ना? कुणाच्या तरी पोराला नाही म्हणावं लागलं असेल. नवरा तटावरून परत येईल की नाही, हे मनात ठेवून पुन्हा पळी हातात धरायची. खरा वेढा तिथे आहे. तो दाखवलाच नाही!"

मी बोलतच राहिले. ह्यांनी पाटी पुसली. आता माझं म्हणणं खोडून काढणार, असं मला वाटलं. त्यांनी लिहिलं : 'अजून सांग.'

आणि सिनेमाबद्दल काही सांगायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघून गेलं, "मला त्या रिपोर्टची फार भीती वाटते हो."

ताईंनी माझा हात धरला. ह्यांनी पाटी पुसून लिहिलं : 'मलाही.' आम्ही तिघंही रडलो. मग ताईंनी चहा केला. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली. उरलेला सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला.

चार-पाच दिवसांनी फोन आला. गाठ साधी होती.

मौन संपलं त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "बोला आता काहीतरी." हे माझ्याकडे वळले आणि खरखरीत आवाजात म्हणाले, "अगं, निघायचं?" इतका सुंदर प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

डॉक्टरांचे आभार मी तिथेच मानले. त्या सिनेमाचे मात्र कुणाकडे मानायचे कळत नाही. तो लांबलेला होता, अर्धामुर्धा होता, तरी त्याने मला बोलायला लावलं. आटोपशीर, नेटका असता तर त्या दिवशीही मी गप्प राहून चहाच ठेवला असता.

वापीहून येताना आम्ही मुद्दाम उधव्याच्या रस्त्याने आलो. आपल्या घरी परतलेल्या ताई अंगणात नागली पाखडत होत्या. ह्यांनी कुंपणापाशी थांबून "ताई!" अशी हाक मारली. त्यांनी सूप खाली ठेवलं, दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि म्हणाल्या, "आत या दोघं. भाकऱ्या टाकते."