छबुबाईची चिंच आणि नाल्यातला देव

वडवणीहून तेलगावकडं निघालं की गाव संपतं तिथं डाव्या हाताला प्लॉटिंग लागती. तिच्या मधोमध एक चिंच उभी हाय. एका अंगानं बोडकी, दुसऱ्या अंगानं भरगच्च. ती चिंच छबुबाईची. कागदावर न्हाई. कागदावर ते रान तिच्या नवऱ्यानं, आश्रुबानं, विकून टाकलं. पण गावात कुणालाबी विचारा, चिंच छबुबाईचीच म्हणतील, आन म्हणताना आवाज जरा खाली घेतील.

माझं घर तिच्या घराला पाठ लावून. ती लग्न होऊन आली तवापासून मी तिला बघते. अंगानं काटकुळी, आवाज मात्र भांड्याची उतरंड कोसळल्यावानी. आश्रुबा दिवसा गरीब माणूस, पण घोट पोटात गेला की हाताला येईल ते उचलायचा. खुरपं, मुसळ, एकदा तर भरलेली कळशी. पहिल्याच वर्षी तिच्या डोक्याला खोक पडली. आमी शेजारच्या बाया हळद दाबायला जायचो आन गुमान घरी यायचो. तेवढीच आमची बहादुरी.

मग तिनं तिचा उपाय काढला. तो मारायला उठला की ही लुगडं खोचून रानाकडं पळायची आन चिंचेवर चढून बसायची. आश्रुबाला झाडावर चढता येत न्हवतं, प्यालेला असला तर जमिनीवर उभंबी ऱ्हाता येत न्हवतं. तो खालून ढेकळं मारायचा, ही वरून वाळल्या फांद्या मोडून मारायची. एकदा हिचा नेम असा बसला की त्याचा डोळा चांगला सुजला. गावात त्यानं गांधीलमाशी चावली म्हणून सांगितलं. तिथून पुढं मारणं कमी झालं. मी तिला म्हणायचे, "तुझं माहेर लई जवळ हाय गं." ती म्हणायची, "जवळ हाय आन जेवायलाबी घालतंय." खरंच घालायचं. दर साली चिंच पिकली की आमी बाया खाली बसून फोडायचो, टरफलं एकीकडं, चिंचोके एकीकडं, आन बाजारला न्यायचो.

पुढं आश्रुबा थकला. ऊस तोडायला जाणं होईना, पिणंबी सुटलं, आन रान बबनरावानं घेतलं. बबनराव म्हणजे आमच्याकडचा जमिनी घेऊन प्लॉट पाडणारा. निवडणूक असो नसो, फ्लेक्सवर हात जोडून उभाच असतो. बोलणी हिच्याच अंगणात झाली.

छबुबाई म्हणाली, "रान घ्या. चिंच न्हाई द्यायची."

"वहिनी, चिंच का मी घरी न्येणार हाय? तिथं ओपन स्पेस सोडू. लेकरं खेळतील."

"घ्या शपथ."

त्यानं घेतली. हात जोडायची सवयच हाय त्याला.

दिवाळी झाली आन जेसीबी आला. नकाशात रस्ता नेमका चिंचेवरनं काढलेला. ड्रायव्हरनं बुंध्याला हात न लावता आधी कडंनं चर घेतला. मुळ्या तुटताना आवाज येतो. बैलाचा पाय मोडताना मी एकदा ऐकला होता, तसाच. छबुबाई चुलीवरचं तसंच टाकून धावली. तिनं पहिला दगड मारला तो काचेतनं आत गेला. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं, रगत डोळ्यात उतरलं, तो उडी मारून पळाला. ती कोयता घेऊन जेसीबीच्या टायरावर घाव घालायला लागली. टायरला काय व्हतंय, कोयत्याची धार गेली. बबनरावाची दोन माणसं आली. एकानं तिचे केस धरले, दुसऱ्यानं कोयत्याचा हात पाठीमागं पिळला. कोपर निखळल्याचं मला लांबनं दिसलं. केस धरणाऱ्याच्या मनगटाला चावली ती चावलीच.

तेवढ्यात आश्रुबा काठी घेऊन आला. त्यानं एकाच्या पाठीत काठी घातली आन म्हणाला, "माह्या बायकूला हात लावायचा न्हाई बे."

छबुबाई खाली पडलेली, तोंडात त्या माणसाचं रगत. म्हणाली, "व्हय, तेवढा मान एकट्या तुमचाच."

पोलीस आले, दोन्हीकडचं ऐकलं, चहा घेऊन गेले. जेसीबी गेला. आठवड्याच्या बाजारला ती गेली तवा कुणीतरी बुंध्याला उसाचं पाचट रचून पेटवून दिलं. आमी बायांनी हंडे ओतून विझवलं. साल एका बाजूनं कोळसा झाली. छबुबाईचा हात गळ्यात बांधलेला. एका हातानं ती जळकी साल चाचपत बसली.

"हे माणसाला भिणार न्हाईत," ती मला म्हणाली.

अमावास्येला भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, ती नाल्यातनं एक उभट गोल धोंडा घेऊन आली. एका हातानं, काखेत धरून. त्याला तेल-शेंदूर फासला, चिंचेच्या बुडाला रोवला.

"आगं, हा कोन्ता देव?"

"म्हसोबा."

"कुठला?"

"नाल्यातला. तू पयला नमस्कार कर."

मी केला. काय सांगावं, एखाद्या वेळेस व्हतोबी देव.

आन इलाज लागू पडला. बबनराव आला, बघितलं, चपला काढल्या. पाचट ज्यानं पेटवलं म्हणून गावात कुजबुज होती त्याच्या पोराला त्याच आठवड्यात ताप आला, मग तर बोलायलाच नको. नकाशातला रस्ता वाकडा झाला. देवाजवळचे प्लॉट आधी गेले. छबुबाई उदबत्ती लावायची आन गालात हसायची. तिला वाटलं, झालं. आमच्याकडं कुणालाबी हेच वाटलं असतं. देव बसला की झाडाला हात कोण लावतंय.

पण प्लॉट घेणारी माणसं राहायला आली. मास्तर लोक, दुकानदार. समोरच्या घरात मन्मथप्पा, किराणावाला, भला माणूस, रोजची पूजा केल्याबिगर पाणी न घेणारा. त्यानं धोंडा न्याहाळला आन सांगितलं, हा म्हसोबा न्हाई, स्वयंभू महादेव हाय. शेंदूर खरवडून काढला, भस्म लावलं. आमच्या नाल्यातल्या धोंड्याला बढती मिळाली. मग कमिटी झाली, मन्मथप्पा अध्यक्ष. मंदिर ठरलं, पुढं सभामंडप ठरला. आन सभामंडपाच्या स्लॅबला चिंच आडवी यायली.

छबुबाई मिटिंगला गेली. सगळ्यांपुढं म्हणाली, "आप्पा, तो देव मी नाल्यातनं आणलाय. माह्या हातानं. झाड वाचावं म्हणून."

मन्मथप्पा मायेनंच हसला. "मावशी, तुमी आणला न्हाई. त्यानं तुमच्याकडनं आणवून घेतला."

छबुबाई तिथनं तशीच उठली. ती घरी आली आन मला म्हणाली, "माहेर तोडायला मीच देव आणून बसवला बघ."

सोमवारी सकाळी कटरवाले आले. पूजेला लोक जमलेले. वरच्या फांद्या पडायला लागल्या, भरल्या चिंचांच्या, एकेक फांदी पडताना जमीन हादरायची. एक बाजू बघता बघता मोकळी झाली. छबुबाई आली तवा तिच्या डाव्या हातात दगड फोडायचा घण. मोडक्या कोपराचा हात खालून लावलेला. लोकांना वाटलं कटरवाल्यावर चालली, तो मशीन टाकून पळाला. बाकीचे बाजूला झाले. ती सरळ देवापुढं उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला, आन घण घातला. पयला घाव निसटला. दुसऱ्याला धोंडा उभा चिरला.

मग सगळे तिच्यावर पडले.

आधी लाथा. एका मास्तरनं चष्मा काढून खिशात ठेवला आन मग चप्पल काढली. बाया बायांवर हात टाकत न्हाईत म्हणतात, तिथं बायांनीच तिचे केस ओढले. मन्मथप्पाच्या हातात पूजेचा नारळ होता, त्यानं तोच तिच्या तोंडावर घातला. समोरचे दात तिथंच गेले. मी मधी पडले, मला कुणीतरी सभामंडपासाठी खांदलेल्या चरात ढकललं. आश्रुबा आला, त्याला काठीबी उचलवंना. तो तिच्यावर पालथा पडला आन त्यानं पाठ दिली. त्याच्या बरगडीवर बसणारे घाव मला चरातनं मोजल्यासारखे ऐकू येत होते. मार थांबला तो मारणारे दमले म्हणून.

"उठा," छबुबाई त्याच्याखालून रगताच्या तोंडानं म्हणाली. "जड हायेत तुमी लई."

तो उठला न्हाई. बीडच्या दवाखान्यात थोडे दिवस निघाले, पोटात रगत झालं, गेला. केस चालू हाय. मन्मथप्पा तारखेला जातो, ही पण जाते. एकाच एसटीनं.

मंदिर मात्र तिथं झालं न्हाई. फुटलेला देव पुजत न्हाईत. तुकडे कमिटीनंच नदीला सोडले. आन जिथं देव फुटला, माणसाचं रगत सांडलं, तिथं दुसरा बसवायला कोण धजतंय? महादेव पार पल्याडच्या कोपऱ्यावर गेला, नवा, बाजारातनं आणलेला. चिंच अर्धी राहिली. जळका बुंधा, तुटक्या मुळ्या, तरी राहिली.

औंदा तिला चिंचा लागल्या. राहिलेली फांदी नेमकी मन्मथप्पाच्या कंपाउंडात वाकलेली. पिकून पडतात त्या त्याच्याच अंगणात. त्या झाडाचं घरात ठेवायला तो भितो. सकाळी सगळ्या झाडून गोणीत भरतो आन गुमान हिच्या दारात आणून ठेवतो. वर बघत न्हाई. तो वळला की छबुबाई गोणी ओतती, आमी दोघी फोडायला बसतो.

काल तिनं चिंचांच्या ढिगाखालनं मूठभर माती, काटक्या आन नारळाची शेंडी काढून बाजूला टाकली.

"निवडूनबी देत न्हाई मेला," म्हणाली.