एकटीचा वर्ग

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला भौतिकशास्त्र घेतलेली आमच्या कॉलेजात एकच विद्यार्थिनी होती, तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यावरची रविना पावरा. पंचवीस बाकांच्या वर्गात मी वर्षभर तिला एकटीला शिकवलं. ती प्रथम श्रेणीत पास झाली आणि संस्थेने विषयच बंद केला. मला पर्यावरणाचे तास मिळाले.

"पोरं विज्ञान घेतच नाहीत, आपण काय करणार?" प्राचार्य म्हणाले.

का घेत नाहीत, ते रविनाला पक्कं ठाऊक होतं. ती शिकली त्या आश्रमशाळेत विज्ञानाची जागा पाच वर्षं रिकामी होती. मराठीचे सर धडे वाचून दाखवत. दहावीनंतर मुलं कलाशाखेला जात, कारण तिथं प्रॅक्टिकल नाही, ऊसतोडीला गेलं तरी चालून जातं. मुलं नाहीत म्हणून पुढे शिक्षक तयार होत नव्हते, आणि शिक्षक नाहीत म्हणून मुलं येत नव्हती. रविनाने बी.एड. केलं आणि तीच अजूनही रिकामी असलेली जागा मागून घेतली.

पहिल्या दिवशी 'संघनन' म्हणताच वर्गाने माना खाली घातल्या. मग ती पावरीत, मुलांच्या घरच्या बोलीत, बोलू लागली. "घरी मोहाची दारू गाळतात, तेव्हा वरच्या भांड्यात गार पाणी का ओततात?"

सगळे हात वर! मुख्याध्यापक धावत आले.

"मॅडम, शाळेत दारू?"

"दारू नाही सर, ऊर्ध्वपातन. शब्द पुस्तकात आहे, भांडं यांच्या घरी आहे."

ते मागच्या बाकावर जाऊन बसले.

दहावीनंतर मुलांना विज्ञानालाच घाला, असं सांगत सुट्टीत ती पाड्यापाड्यांवर फिरली. तिच्या वर्गातल्या मयूरीची आई फुलीबाई ऐकेचना. "तोडीला दोन हात कमी पडतील, ते कोण देईल?" रविना तीन दिवस तिच्याबरोबर शेतात निंदत राहिली. चौथ्या दिवशी फुलीबाई म्हणाली, "ने तिला. पण तुझ्याएवढी शिकव."

"माझ्यापेक्षा जास्त," रविना म्हणाली.

गेल्या जूनमध्ये आमचा शिपाई लखन ओरडत आला, "सर, चला लवकर! कितला पोरे उनात!" किती पोरं आलीत, ते त्याला मोजवत नव्हतं.

फाटकाशी दोन जीपमधून रविनाच्या शाळेतली, आता विज्ञानातून बारावी झालेली सतरा मुलंमुली उतरत होती, मयूरी सगळ्यांत पुढे. प्रत्येकाच्या अर्जावर भौतिकशास्त्र. मान्यतेसाठी प्राचार्य स्वतः विद्यापीठात खेटे घालून आले आणि महिन्याभरात विषय सुरू झाला.

प्रयोगशाळेचं कुलूप मात्र गंजून बसलेलं. किल्ली फिरेना. एका मुलीने दगड उचलून प्राचार्यांकडे पाहिलं.

"बघतेस काय?" ते म्हणाले. "घाल!"