आधी फोडणं, मागनं फुटणं

नवरा गेल्यावर परंड्याच्या इरम्माला भावकीनं बजावलं, "कुंकू पुसलेल्या बाईनं काकणं विकू न्हायत." दुसऱ्याच दिवशी तिनं पेठेतलं दुकान उघडलं.

काकणांची पेटी रेल्वेनं बार्शीला यायची. बार्शी इंग्रजांची, परंडा निजामाचं. मधल्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकात नाक्यावर, माल उघडून दाखवावा लागे. शेहेचाळीस साली दिवाळीच्या तोंडावर तिथल्या जमादारानं पेटीत काठी खुपसून ढवळली. निम्म्या काकणांचा चुरा झाला.

"काच है, फूटेगी ही," तो म्हणाला.

पेटीच्या फळीवर लाल इंग्रजी अक्षरं होती. इरम्मा ती फळी घेऊन बार्शीच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या व्यंकट मास्तरांकडं गेली.

"फ्रॅजाइल," मास्तरांनी वाचलं. "सहज फुटणारं. हमालानं जपून उचलावं म्हणून लिहितात."

"ह्यो शब्द आला कुठनं?"

हे मास्तरांना वर्गातही कुणी विचारलं नव्हतं. ते खुशीत आले. "लॅटिन नावाची जुनी भाषा आहे. तिच्यात फ्रांगेरे म्हणजे फोडणं, मोडणं. त्यातून हा निघाला. हाड मोडलं की डॉक्टर फ्रॅक्चर म्हणतात, तोही त्यातलाच."

"म्हंजे आधी फोडणं. फुटणं मागनं आलं."

"तसंच म्हणायचं."

"मंग त्या जमादारानं काचंवर कशापायी ढकललं?"

पुढच्या खेपेला जमादारानं काठी उचलली, तशी इरम्मा पेटीवरच बसली.

"काठी लावायची न्हाय. म्या काकणांचं एकेक जुडगं काढून दावते."

"दिन निकल जाएगा."

"जाऊ द्या. न्हायतर तुमच्या काठीनं फुटलं, असं कागदावर लिवा आन् सही करा."

जमादारानं काठी खाली घेतली. तिनं रस्त्यातच वाकळ अंथरली आणि जुडगी मांडू लागली. बाजाराचा दिवस, मागं गाड्यांची रांग लागली. एकजण ओरडला, "बाई, सरक की."

"तुमच्या मालात काठी घालत्यात, तवा कोण सरकतं?" ती मान वर न करता म्हणाली.

मडक्यांची गाडी घेऊन आलेला नागप्पा खाली उतरला आणि वाऱ्यानं उडणारं वाकळीचं टोक धरून बसला. मग कुणी ओरडलं नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा जमादारानं पावती फाडली. एकही काकण फुटलं नव्हतं.

नाका उठेपर्यंत तिची पेटी तीच उघडत राहिली. म्हातारपणी पोरींना काकणं भरताना एखादं फुटलं, की आया पोरीलाच दटावत, "हात ढिला सोड."

इरम्मा म्हणे, "तिला बोलू नका. म्या फोडलं." आणि दुसरं काढून भरी.