नखांवरचा उजेड

बुद्धिबळातली चाळिशीची ग्रँडमास्टर नानुली आपला शेवटचा डाव जिंकता जिंकता हरली. समोरची मुलगी वजीर उचलत होती, तिची बोटं त्याच्याभोवती मिटत होती, आणि खिडकीतून आलेला रिओनी नदीचा उजेड तिच्या नखांवर पाण्यासारखा हलत होता. नानुली ते पाहत राहिली. आपल्या घड्याळातली वेळ संपली तरी पाहतच होती.

त्याच संध्याकाळी तिनं वरलाममास्तरांना सांगून टाकलं, "आता स्पर्धा नाही. मी लिहिणार आहे. पटांचं दुकानही काढते."

सहाव्या वर्षापासून तिला घडवणाऱ्या मास्तरांनी पटावरची मोहरी डब्यात भरली. मग म्हणाले, "माझ्या दारात येऊ नकोस."

कुताइसी गावात लेकीच्या लग्नात पट देण्याची जुनी रीत, त्यामुळे नाट्यगृहाशेजारचं तिचं दुकान चालू लागलं. अक्रोडाच्या लाकडाचा वास, खिडकीत उभे हत्ती-घोडे, जणू पडदा वर जायची वाट पाहणारी मंडळी. आणि दर गुरुवारी वर्तमानपत्रात तिचा मजकूर. पहिल्यात त्या हरलेल्या डावाची तिनं एकही चाल दिली नाही. बोटं, उजेड, आणि शेवटी एक ओळ.

"कोण जिंकलं ते लिहिलंच नाहीस," भट्टीवाली एतेरी पाव देता देता म्हणाली.

"मी हरले, एतेरीकाकू."

"ते गावाला पाठ आहे गं. पोरीच्या नखांना रंग होता का, ते सांग."

भट्टीपाशी सगळे हसले. नानुलीही हसली. पण ज्यांनी वाचावं असं वाटत होतं, त्यांचा पत्ता नव्हता. दुकानाचं दार वाजलं की तिची मान वळायची.

चौथ्या गुरुवारी दुपारी मास्तर आले. विक्रीच्या पटावर त्यांनी तो पहिला मजकूर पसरला. समासात पेन्सिलीच्या खुणा, जशा ते तिच्या डावांवर करत: चुकलेल्या चालीला प्रश्नचिन्ह, उत्तम चालीला उद्गारचिन्ह.

"इथे नदी आधी आणलीस. घाई. बोटं आधी." त्यांचं बोट खाली सरकलं. "इथे स्वतःची कीव. दोन प्रश्नचिन्हं."

"हो, मास्तर."

शेवटच्या ओळीजवळ मात्र उद्गारचिन्ह होतं. तिथे तिनं लिहिलं होतं: डाव संपला तशी ती पोर रडू लागली, आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं.

"ही चाल मला सुचली नसती," मास्तर पुटपुटले. "आता पुढच्या गुरुवारचं दाखव."

"अजून लिहिलं नाही."

त्यांनी स्टूल ओढलं. "मग लिही की, पोरी. मी बसलोय."