आम्ही होडी आतून तपासली

गेल्या वर्षी मी एक होडी विकत घेतली. राहायला मी ठाण्याजवळच्या दिव्यात, तिसऱ्या मजल्यावर.

यावर लोक का हसतात, हे मला आजही कळत नाही. खाडी आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर! शिवाय आमचं गाव दाभोळच्या बाजूचं, त्यामुळे समुद्र माझ्या रक्तातच आहे अशी माझी पक्की समजूत. (रक्तात शुगरसुद्धा आहे, पण ती तपासून सिद्ध झालेली. समुद्राची टेस्ट अजून निघालेली नाही.)

ऑफिसातल्या एका मित्राने त्याची जुनी फायबरची होडी विकून टाकायची ठरवली आणि मी ती टेम्पोत घालून घरी आणली. दोन वल्ही, बसायला दोन फळ्या आणि तळाला एक तडा. "किरकोळ आहे रे," मित्र म्हणालेला, "एका संध्याकाळचं काम."

पार्किंगमध्ये चार विटा मांडून त्यावर होडी ठेवली. माझी बायको मनीषा खाली आली. होडीभोवती तिने एक फेरी मारली.

"अहो, आपल्याला स्कूटर लावायला जागा नाही इथे!"

"आता आहे की. होडीत लाव."

त्या रात्री मला सकाळचा भात मिळाला.

दुरुस्तीला मदत म्हणून मोहन्याहून माझे सासरे आले. अप्पांची अख्खी नोकरी कारखान्यात गेली, त्यामुळे 'मशीनमधलं मला शिकवू नका' हे त्यांचं आवडतं वाक्य. (ते अकाउंट्सला होते. पण त्यांच्या टेबलाशेजारच्या खिडकीतून मशीन दिसायचं!) मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेलो, अप्पा खिडकीतून बघून. अशी आमची टीम.

काम तसं सोपं होतं. तडा घासायचा, त्यावर फायबरचं कापड अंथरायचं आणि रेझिन नावाचा मधासारखा चिकट पदार्थ ब्रशने फासायचा. तो सुकावा म्हणून त्यात आधी हार्डनरचे थेंब टाकायचे. थेंब! अप्पांनी बाटली उपडी केली.

"अप्पा, थेंबथेंब टाकायचं होतं!"

"जावईबापू, थेंबाने काय होतंय? उगाच सोमवार उजाडेल."

बघता बघता डबा तापला, त्यातून धूर निघाला आणि आतल्या रेझिनचा दगड झाला. ब्रश त्यातच उभा राहिला, कुल्फीच्या काडीसारखा.

दुसऱ्या खेपेला मी थेंब स्वतः टाकले. होडीत फतकल मारून बसलो आणि जीव ओतून तडा बुजवला. काम असं झकास झालं की अप्पांनाही नाव ठेवायला जागा उरली नाही. मग मी उठायला गेलो. उठलो नाही.

"मनीषा! टॉवेल घेऊन खाली ये!"

"का? घाम आला?" वरून, गॅलरीतून.

"पँट होडीला चिकटल्ये!"

"मग बसा तिथेच. ताट खाली पाठवते."

शेवटी अप्पांनी कात्रीने पँट कापून मला सोडवलं. मागचा खिसा होडीतच राहिला. (आत ऑफिसचं ओळखपत्र होतं. फोटो वर आहे, स्पष्ट दिसतो.)

रविवारी होडी खाडीत उतरवायची, असं मी आधीच जाहीर करून बसलेलो. माझा मेव्हणा किरण डोंबिवलीहून सहकुटुंब यायचा होता. मी मॉलच्या सरकत्या जिन्यावर आडवा झालेलो, त्याचा व्हिडिओ हा माणूस दरवर्षी माझ्या वाढदिवसाला ग्रुपवर टाकतो. त्याच्यासमोर होडी गळून चालणारच नव्हतं!

"मग तपासून घेऊ," अप्पा म्हणाले. "होडी पाण्यात घालण्यापेक्षा पाणी होडीत घाला. खाली ठिबकलं तर गळते. नाही ठिबकलं तर पास!"

मला हे इतकं पटलं की मी त्यांना नमस्कारच केला. शनिवारी सकाळी पार्किंगच्या नळाला पाइप लावला, तो होडीत सोडला आणि थोडंसं भरेपर्यंत चहा घेऊ म्हणून आम्ही वर गेलो. तिथे होडीच्या नावाचा विषय निघाला. अप्पांना 'मनीषा' हवं होतं. मनीषा म्हणाली, "माझं नाव घालाल तर याद राखा! उद्या बुडली की अख्खा दिवा म्हणेल, मनीषा बुडाली!" वाद रंगला. चहाचे कप पुन्हा भरले.

तेवढ्यात बाथरूममधून मुलगी ओरडली, "बाबा, पाणी गेलं!"

मग खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. मग वरच्या. जिन्यात आमचे सेक्रेटरी भोईरसाहेब अवतरले: कमरेला टॉवेल, बाकी सगळा साबण!

"पार्किंगचा नळ कोणी उघडलाय?"

आम्ही सगळे खाली धावलो. गच्चीवरची टाकी रिकामी झालेली आणि होडी काठोकाठ भरलेली. भोईरसाहेबांनी नळ बंद केला. अप्पा मात्र खाली वाकले आणि तळावरून हात फिरवून आनंदाने ओरडले, "जावईबापू, एक थेंब नाही! पास!"

टाळ्या त्यांनी एकट्यानेच वाजवल्या.

खालच्या टाकीतही खडखडाट होता आणि टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. "हे पाणी आता सोसायटीचं!" भोईरसाहेबांनी डोळ्यांतला साबण पुसत जाहीर केलं आणि पहिली बादली स्वतःच भरली. मागे बादल्या, कळश्या, टब घेऊन लाइन लागली.

"रेझिनचा वास मारतोय हो," सावंतकाकू म्हणाल्या.

"अंघोळ केली की जातो," मी म्हटलं.

गेला नाही. रविवारी अख्खी बिल्डिंग दुकानातून नुकत्याच आणलेल्या खुर्चीसारखी दरवळत होती.

खाडीवर आम्ही नारळ फोडला. किरणने फोन रोखून धरला. मी आणि अप्पा होडीत बसलो, त्याने धक्का दिला, आणि होडी खरंच तरंगली! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग बुटांत आलं.

"अप्पा, पाणी!"

"शिंतोडे असतील."

"शिंतोडे खालून येतात?"

झालेलं असं, की बादल्यांनी होडी रिकामी होईपर्यंत पाण्याचं सगळं वजन त्या चार विटांवर होतं, आणि प्रत्येक विटेच्या जागी तळ तडकलेला. आम्ही अगदी शांतपणे, मान ताठ ठेवून बुडालो. पाणी मांडीएवढंच होतं. मी ओरडलो, "पण मी बुजवलेला तडा गळत नाहीये!"

"ते कसं कळलं?" काठावरून मनीषा. "होडी सगळीच पाण्याखाली आहे."

किरण इतका हसला की चिखलात घसरला, फोनसकट. त्या दिवसातलं माझं एवढंच सुख.

संध्याकाळी होडी परत पार्किंगमध्ये आली. भोईरसाहेब खाली उतरले. आता ही बाहेर काढायला सांगणार, म्हणून मी माफीची तयारी करून उभा. त्यांनी वाकून एकेका तड्यात बोट घालून बघितलं.

"हे कधीपर्यंत बुजवाल?"

"का हो? तुम्हालाही यायचंय खाडीत?"

"खाडीचं काय घेऊन बसलात! पुढच्या आठवड्यात टँकरचा संप आहे."

मग काय, मी सुट्टी टाकून चारही तडे बुजवले. बुटांपासून पँटपर्यंत सगळं शाबूत ठेवून! होडीत आता एक थेंब गळत नाही. आणि मग, सोसायटीच्या एकमुखी आग्रहाखातर, तिच्या तळाला मी माझ्या हाताने ड्रिलने एक भोक पाडलं. तोटी बसवायला.