दरड पडली नाही म्हणून

चाचांवर अन्याय झाला. चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, आखातातल्या रास अल खैमाच्या डोंगरात गारांचा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या सकाळी, हजेरीच्या वेळी त्यांना कामावरून काढलं. का? दरड पडली नाही म्हणून!

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, पण त्या डोंगरात मुरलेले, आमच्या जमीनमोजणीच्या तुकडीतले वाटाडे. ढगात शिरलं की पुढे खडा फेकायचे आणि कान द्यायचे. खडा लगेच वाजला तर पाऊल टाकायचं. नाही वाजला तर, "खलास. पुढे कडा आहे." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बोलणार कमी, आणि बोलेल ते आपल्याला आवडणार नाही.

मी तुकडीचा कारकून, खिशात कायम कामगार चळवळीची पत्रकं. मला डोंगर शिकवून त्यांना काय मिळणार होतं? तरी शिकवला. एकदा पावसात कड्याखाली कोरडी जागा बघून मी बसलो, तर दंडाला धरून उठवलं.

"खाली बघ. काळा दगड कधीचा पडून आहे. पांढरा फुटलेला, तो कालचा. पांढरे दिसले तिथे डबा उघडायचा नाही."

"आणि सगळेच पांढरे असले तर?"

"तर पळ, हबीबी."

त्या दिवशी गारा थांबल्या आणि ढग खाली आले. तुकडीच्या साहेबांना गाडीपर्यंत जवळच्या, कड्याखालच्या वाटेनं उतरायचं होतं. चाचा वाटेतच बसले.

"मॅप में रास्ता है," साहेब म्हणाले.

"साब, मॅप सूखे में बना है."

मला वाटलं, झाला संप! मी ओरडलो, "चाचा, हटू नका! आम्हीही बसतो!"

"तू ऊठ रे आधी. संप नाही हा. वर दगड सुटलेत."

मग शेळ्यांच्या लांबच्या वाटेनं त्यांनी आम्हाला उतरवलं. निसरड्या उतारावर एकेकालाच सोडायचे. बाकीच्यांनी गप्प उभं राहून वर नजर ठेवायची. "यल्ला, आता तू." आठही जण धड खाली आलो. एकमेकांचा जीव कसा सांभाळायचा, हे मला चळवळीच्या कुठल्याच अभ्यासवर्गात इतकं नीट कळलं नव्हतं. त्यासाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

पण मोजणीचा दिवस बुडाला होता. सकाळी साहेबांनी मला कड्याखालची वाट बघायला पाठवलं. परत आल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "दरड पडली?"

मी खरं सांगितलं. "नाही."

तेवढं त्यांना पुरलं. आणि जगाच्या अन्यायावर पत्रकं लिहिणारा मी पुढे एक शब्द बोललो नाही.

निघताना चाचांनीच माझ्या पाठीवर थाप मारली. "खरं तेच बोललास. नाही पडला दगड, अल्लाची मेहरबानी. आईला खत टाक, पत्राची वाट बघत असेल." त्यांना घेऊन ट्रक दुबईच्या दिशेनं गेला. नंतर मी पुष्कळ शोधलं. सापडले नाहीत.

आता वाचून नुसती मान डोलावू नका. तुमच्याही कामावर कुणीतरी 'थांबा' म्हणेल. तुम्ही थांबाल आणि पुढे काहीच घडणार नाही. दुसऱ्या सकाळी त्या माणसाला काढायला लागले, की तिथल्या तिथे उभे राहा आणि विचारा: आम्ही सगळे जिवंत आलो, ते कुणी मोजलं का? मी विचारलं नाही. तुम्ही विचारा.